बाबांचा मीटर, माझे हात

लग्न होऊन मी मिरजेहून बनारसला आले तेव्हा सासूबाईंचा समज होता की मला तानपुरा जुळवता येत असणार. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. तिथे घरोघरी भोपळे वाळत घातलेले असतात, असं काहीसं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असावं. मी कॉमर्सची पदवीधर. गाण्यातलं मला एवढंच कळे की कुणी गात असेल तर आपण बोलू नये. मी तसं सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. "चल, बरं झालं. या घरात सगळे चुका काढणारे आहेत. एक तरी नुसती ऐकणारी आली."

घर ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. आत मराठी, जिन्यात हिंदी. सासरच्या मंडळींचं मराठी मला सुरुवातीला गमतीचं वाटे. "आधी" म्हणायच्या जागी "पहिले", "सावकाश" म्हणायचं तर "आराम से". माझ्या "व्हय" आणि "काय की"ला तेही हसत. नवरा बँकेत, सकाळी डबा घेऊन गेला की अंधार पडताना येई. दुपारी सासूबाईंकडे गल्लीतल्या मुली गाणं शिकायला येत. उरलो मी आणि सासरे.

सासऱ्यांना घरात सगळे बाबा म्हणत, मीही म्हणू लागले. ते रेल्वेत होते, सिग्नल आणि टेलिफोनच्या खात्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी खिडकीशी एक टेबल मांडलं होतं आणि गल्लीतले रेडिओ, दारावरच्या घंट्या, इन्व्हर्टर, देवळातले माइक तिथे येऊन दुरुस्त होऊन जात. हे सगळं मी ऐकलेलं. मी आले तोवर त्यांना कंपवात झाला होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत आणि तरी बशीत चहा सांडे. टेबलावर एक जुनी चादर अंथरलेली असे, चारी बाजूंनी नीट खोचलेली. बाबा तिच्या शेजारी खुर्ची टाकून खिडकीतून नदीकडे बघत बसत.

पहिल्या वर्षात आमचं बोलणं एवढंच. "बाबा, चहा." "ठेव." "बाबा, पेपर." "हं." त्यांना माझा राग नव्हता, मलाही त्यांची भीती नव्हती. बोलायला विषयच नव्हता.

श्रावणात एका दुपारी सासूबाईंचा तानपुरा बंद पडला. खरा लाकडी तानपुरा घरात होता, पण मुलींना शिकवताना त्या विजेवर चालणारी पेटी लावत. तिच्यातून तानपुऱ्याचा स्वर अखंड येत राहतो, आणि शिकवणाऱ्याचे हात मोकळे राहतात. पेटी पुष्कळ जुनी, कोपरे झिजलेले. त्या दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही, दिवासुद्धा लागेना. गणपतीतल्या कार्यक्रमासाठी मुलींची तयारी चालली होती. एक मुलगी म्हणाली, "आई, मोबाइल में भी तानपुरा आता है. डाउनलोड कर दें?"

"नको," सासूबाई म्हणाल्या. "मोबाइलचा तानपुरा मला कोरडा लागतो. हीच पेटी हवी." आणि आतल्या खोलीकडे बघून त्यांनी आवाज चढवला, "ऐकलंत का? पेटी बंद पडलीय."

मुली गेल्यावर बाबा उठले, चादरीची एक बाजू काढली आणि पेटी टेबलावर मागून घेतली. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते मागचे स्क्रू काढत होते. स्क्रूच्या खाचेत पेचकस बसेना. बसला की निसटे. मला पुढे होऊन काढून द्यावेसे वाटले, पण धीर झाला नाही. बऱ्याच वेळाने झाकण निघालं. मग त्यांनी खणातून पिवळा मीटर काढला. मधोमध फिरवायची चकती, वर आकड्यांची काच, एक लाल आणि एक काळी तार, दोन्हींच्या टोकांना सुईसारखे प्रोब. ते प्रोब त्यांनी आतल्या सर्किटच्या पट्टीवर टेकवले. हात थरथरत होते. काचेवर आकडा येई, नीट वाचण्याआधीच पळे, दुसरा येई, तोही पळे. त्यांनी कोपर टेबलाला टेकवून बघितलं. मनगट दुसऱ्या हाताने धरून बघितलं. शेवटी मीटर बंद केला.

"आता नाही होत," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

मी दारात उभी होते. तोंडातून निघून गेलं, "बाबा, मी धरू का? तुम्ही सांगा कुठे धरायचं."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुला विजेची भीती वाटते ना?"

हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. लहानपणी मिरजेला पाणी तापवायच्या रॉडचा मला जोरदार झटका बसला होता, तेव्हापासून प्लग काढायचीही मला भीती वाटे. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मिक्सरचा प्लग तू पदर गुंडाळून काढतेस," बाबा म्हणाले. "रोज बघतो मी."

म्हणजे खिडकीतून नुसती नदीच बघत नव्हते. मला एकदम बरं वाटलं, का ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्या घरात कुणीतरी माझ्याकडे इतकं नीट लक्ष दिलंय हे मला माहीतच नव्हतं.

"उद्या दुपारी बस," ते म्हणाले. "पेटीला आज हात नाही लावायचा. पहिले मीटरची ओळख."

दुसऱ्या दिवशी चादर पूर्ण निघाली. बाबा खुर्चीत, मी स्टुलावर. त्यांनी हाताने दाखवण्याऐवजी तोंडाने सांगायचं ठरवलं होतं, आणि ते सांगणं इतकं स्वच्छ होतं की मला नवल वाटलं. वर्षभर "हं" एवढंच बोलणारा हा माणूस.

"काळी तार नेहमी या भोकात. ती कुठे जात नाही. लाल या दुसऱ्या भोकात. हे जे तिसरं आहे, त्यावर पट्टी चिकटवलीय ती काढायची नाही. ते जास्त करंट मोजायचं. लाल तार चुकून तिथे राहिली आणि तू व्होल्टेज मोजायला गेलीस, तर मीटरच्या आतून सरळ शॉर्ट होतं. ते भोक सध्या तुझ्यासाठी नाही."

"बरं."

"आता चकती फिरव. छोटी घंटी काढलीय ना, तिथे आण. दोन्ही प्रोब एकमेकांना लाव."

मी लावले. मीटर पीऽऽ करून ओरडला आणि मी हात मागे घेतला. बाबा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते. "तो खूश झाला," ते म्हणाले. "वाट सापडली की असा बोलतो. मध्ये कुठे तार तुटलेली असली तर गप्प बसतो. प्रत्येक वेळी काम सुरू करायच्या पहिले हे करायचं. मीटरच्याच तारा तुटलेल्या असतील तर तो सगळ्या जगाला तुटलेलं म्हणेल."

मग त्यांनी मला घरभर फिरवलं. चमचा लाव, पीऽऽ. लाकडी पोळपाट, गप्प. स्टीलचा डबा, पीऽऽ. देवघरातली पितळी घंटा, पीऽऽ. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "माझ्या देवांना तरी सोडा!"

मग सेल. चकती सरळ रेघेच्या खुणेवर, कारण सेलची वीज एकाच दिशेने जाते. घड्याळातला जुना सेल माझ्या हातात देऊन बाबांनी विचारलं, "किती यायला पाहिजे?"

"मला काय माहीत?"

"सेलवर लिहिलंय. वाच."

दीड व्होल्ट लिहिलं होतं. मोजलं तर १.१ आला. नवीन सेल लावला तर १.६. "मोजायच्या पहिले मनात ठरवायचं, किती यायला पाहिजे," बाबा म्हणाले. "नाहीतर जो आकडा येईल तोच खरा वाटतो." मी एकदा प्रोब उलटे लावले तर आकड्याच्या आधी वजाची खूण आली. मला वाटलं, काहीतरी बिघडवलं. "नाही गं. लाल टोक उणे बाजूला लागलंय एवढंच तो सांगतोय. आकडा तोच आहे."

भिंतीतल्या विजेची पाळी आली त्या दिवशी माझे हात बाबांच्या हातांपेक्षा जास्त कापत होते. बाबांनी नियम सांगितले. पायात रबरी चप्पल. चकती नागमोडी रेघेवर, कारण भिंतीतली वीज सारखी दिशा बदलते, आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यावर. बोटं प्रोबच्या कठड्याच्या मागे, धातूला कधीही नाही. सासूबाई हातात लाटणं घेऊन माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"हे कशाला?" मी विचारलं.

"यांनीच शिकवलंय. कुणाला झटका बसला तर हात लावायचा नाही, कोरड्या लाकडाने ढकलायचं. तू घाबरू नकोस, मी जोरात मारीन."

मला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच मी प्रोब सॉकेटमध्ये घातले. काचेवर २२६ आला आणि स्थिर राहिला. मला काहीही झालं नाही. मी तिथेच उभी राहून तो आकडा बघत राहिले. लहानपणापासून जिला मी इतकी घाबरत होते ती भिंतीतली वीज आता माझ्यासमोर तीन आकड्यांत उभी होती. दोनशे सव्वीस. सासूबाईंनी लाटणं खाली केलं आणि म्हणाल्या, "झालं? मी पोळ्या टाकते."

नंतर लक्षात आलं की त्या आठवड्यात दुपारचा स्वयंपाक, चहा, भांडी, सगळं त्यांनी एकट्यांनीच उरकलं होतं. एरवी ते माझं काम. त्या काही बोलल्या नाहीत आणि तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही.

मग आम्ही पेटीकडे वळलो. बाबांनी कागदावर काही काढलं नाही, नुसतं समजावलं. भिंतीतून वीज येते, वायरीतून पेटीत जाते, फ्यूजमधून ट्रान्सफॉर्मरमध्ये. तिथे ती लहान होते. पुढे ती सरळ केली जाते. मग एक तीन पायांची चिप तिला बारा व्होल्टवर बांधून ठेवते, आणि ते बारा व्होल्ट तानपुऱ्याच्या सर्किटला मिळतात. "नळाला पाणी येत नाही तर कुठून बघत जाशील?"

"टाकीपासून."

"बस. तसंच."

प्लग काढून ठेवून आम्ही वायर तपासली. पीऽऽ, ठीक. फ्यूज, पीऽऽ, ठीक. मग प्लग लावून, काळी तार चिमट्याने अडकवून, एक हात पाठीमागे धरून, ट्रान्सफॉर्मरच्या पुढची वीज. तेरा व्होल्ट, ठीक. पुढे सरळ झालेली, सोळाच्या आसपास, ठीक. मी आकडा वाची आणि बाबा "पुढे" म्हणत. चिपच्या पुढच्या बाजूला प्रोब टेकवला आणि काचेवर शून्य आलं.

"परत."

"शून्य, बाबा."

त्यांनी प्लग काढायला लावला. पुढे कुठे शॉर्ट आहे का तेही मोजून घेतलं. ते नव्हतं. "चिप गेली," ते म्हणाले. आवाजात असा आनंद होता की मला वाटलं चिप जाणं ही चांगली गोष्ट असावी.

दुसऱ्या दिवशी चिप आणायला मी मैदागिनच्या पलीकडे बाजारात गेले. बाबांनी तिच्यावरचा नंबर माझ्याकडून पाठ करून घेतला होता. दुकानदाराने विचारलं, "किसके लिए चाहिए, बहनजी?" मी म्हटलं, "मेरे लिए." असं म्हणताना काय वाटलं ते आजही आठवतं. गल्ल्यांमधून परत येताना मी रस्ता न विचारता घरापर्यंत आले, तेही त्या दिवशी पहिल्यांदाच.

घरी आले तर बाबा टेबलाशी तयार बसलेले. मी सोल्डरिंगची, म्हणजे धातूचा टाका मारायची, कांब तापवायला घेतली तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. जुनी काढायच्या पहिले अजून एकदा मोज. काढल्यावर मोजता येत नाही."

प्लग लावून मी मोजलं. या वेळी उजेड दुसऱ्या बाजूने येत होता म्हणून मी जरा वाकडी बसले होते आणि प्रोब खालच्या तांब्याच्या पट्टीवर न लागता चिपच्या पायालाच लागला. काचेवर १२.०.

"बाबा, बारा येतंय."

"काय म्हणतेस?"

"बारा. बरोबर बारा."

"कुठे धरलायस?"

मी सांगितलं. ते पुढे वाकले आणि म्हणाले, "आता खाली, काल धरला होतास तिथे." तिथे शून्य. पाय आणि पट्टी यांच्यात तांदळाएवढंही अंतर नव्हतं. मी डोळे ताणून बघितलं, दोन्ही मस्त जोडलेले दिसत होते. प्लग काढून घंटीवर चकती आणली. एक प्रोब पायाला, दुसरा पट्टीला. मीटर गप्प.

बाबा मोठ्यांदा हसले. इतके की सासूबाई बाहेर आल्या. "अगं, मी चुकलो!" ते त्यांना म्हणाले. "चिप बिचारी ठीक आहे. इतकी वर्षं गरम-थंड होऊन टाका सुटलाय. दिसत नाही, पण सुटलाय. मी उगीच तिला दोष दिला." आपलं चुकलं म्हणून इतका खूश झालेला माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. माझ्या माहेरी कुणाचं चुकलं तर दोन दिवस घर गप्प असे.

टाका मीच मारला. आयुष्यातला पहिला. कांब पायाला टेकव, धातू तापू दे, मग सोल्डर लाव, फुंकू नकोस, हलवू नकोस. बाबांचा एकेक शब्द कानात पडत होता आणि माझे हात तसतसे चालत होते. गोळा जरा बेढब झाला. घंटीवर मोजलं, पीऽऽ. प्लग लावला, बटण दाबलं. दिवा लागला आणि खोलीत तानपुरा सुरू झाला. सासूबाई दारातच डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि त्यांनी षड्ज लावला. आम्ही दोघं टेबलाशी बसून ऐकत राहिलो. बाबांचे हात मांडीवर होते. कापतच होते, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

गणपतीचा कार्यक्रम छान झाला. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यानंतर टेबलावर चादर पडली नाही. शेजारच्यांची दारावरची घंटा आली, गल्लीतल्या वैद्यांकडचं वाफ घ्यायचं यंत्र आलं, खालच्या मजल्यावरचा इन्व्हर्टर, ज्याच्या वायरी माकडांनी ओढल्या होत्या. बाबा सांगत, मी करी. पुढे पुढे ते "आता" म्हणायच्या आधीच माझा प्रोब तिथे पोचलेला असे आणि ते भुवया उंचावत. नवरा संध्याकाळी येऊन म्हणे, "मी बँकेतून घरी येतोय की वर्कशॉपमध्ये, कळत नाही."

त्या हिवाळ्यात एका सकाळी मी लवकर उठले. स्वयंपाकघरातून तानपुऱ्याचा आवाज येत होता आणि सासूबाई हळू आवाजात गात होत्या. पेटी तर टेबलावर होती, मी आदल्या दिवशी साफ करायला उघडलेली. मी आत डोकावले. फडताळात हळदीच्या डब्याला टेकून त्यांचा मोबाइल उभा होता आणि तानपुरा त्यातून वाजत होता.

"आई! तुम्ही तर म्हणाला होतात, मोबाइलचा कोरडा लागतो."

त्या जरा दचकल्या, मग गाणं थांबवून त्यांनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. "कोरडा लागतोच. पण सूर कुठे चुकतो त्याचा? दोन वर्षांपासून सकाळी यावरच गाते मी."

"मग त्या दिवशी एवढा हट्ट?"

"अगं, ते टेबल झाकून बसले होते. मी कितीदा म्हटलं, उठा, काहीतरी करा, तर ऐकायचेच नाहीत. पेटी आपली आपणच बंद पडली, ती काही मी नाही पाडली. पण पडलीच आहे तर म्हटलं, बघू या. माझ्यासाठी तरी चादर काढतील." त्यांनी चहात आलं किसून घातलं. "काढली. पण हात चालेनात. तेव्हा वाटलं, उगीच सांगितलं, आता आणखी खचतील. आणि तेवढ्यात तू दारातून बोललीस." त्या माझ्याकडे न बघता गाळणं शोधत होत्या. "मी तेव्हा आत देवापुढे हात जोडले होते. आज सांगतेय. आता यांना नको सांगूस."

मी सांगितलं नाही. पण माझ्या दुपारच्या पोळ्या त्या आठवड्यात कुणी आणि का लाटल्या ते मला त्या सकाळी कळलं. चहा झाल्यावर मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "आज काय सण आहे?"

बाबांचा आजार पुढे सरकतच होता. चालणं कमी झालं, मग जिना बंद झाला, मग आवाज बारीक होऊ लागला. गेल्या थंडीत संकठा घाटाकडे राहणाऱ्या त्यांच्या जुन्या स्नेह्यांचा निरोप आला. ते सारंगी वाजवत, आता वयामुळे घरीच असतात. त्यांची तानपुऱ्याची पेटी मधूनच बंद पडते, बाबांनी बघावी. बाबा म्हणाले, "ही जाईल." ही म्हणजे मी. दुरुस्तीला एकटी मी कधीच कुणाकडे गेले नव्हते. बाबांनी तोडगा काढला. मी तिथे पोचले की फोन लावायचा आणि मोजत जाताना बोलत राहायचं.

त्या घरी मी सतरंजीवर बसले, मीटर काढला, प्रोब एकमेकांना लावून बघितले आणि फोन स्पीकरवर ठेवला. बाबांचा आवाज पोचेना. नुसती खरखर. तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, "तू बोल गं. मी इथे बसलेय. ते काय म्हणताहेत ते मी सांगते."

"भिंतीच्या सॉकेटला दोनशे एकवीस."

"मान हलवली. ठीक म्हणताहेत."

"पेटी एका जोडबोर्डवर लावलीय, वायर लांब आहे. बोर्डावर पण दोनशे वीस. पेटी चालू आहे, वाजतेय."

"गप्प आहेत. विचार करताहेत." मग थोड्या वेळाने, "विचारताहेत, त्याच बोर्डावर अजून काय लागतं?"

मी आजूबाजूला बघितलं. वृद्ध सारंगीवादकांच्या पायाशी खोली गरम करायचा हीटर होता. बंद. त्याची वायर त्याच बोर्डात.

मला उत्तर कळलं. मी हीटर लावला आणि पुन्हा बोर्डावर मोजलं. एकशे अठ्ठावन्न. पेटी मिटमिटली आणि गप्प झाली. भिंतीजवळ मोजलं, तिथे दोनशे सोळा. म्हणजे मध्येच कुठेतरी वीज अडत होती. मी हीटर बंद केला, प्लग भिंतीतून काढला आणि बोर्ड उघडला. आतला एक स्क्रू सैल, त्याच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळायला लागलेलं.

"बाबा, पेटी ठीक आहे. हीटर लावला की बोर्डात व्होल्टेज पडतंय. स्क्रू सैल आहे, जळायला आलाय."

सासूबाई म्हणाल्या, "हसताहेत. म्हणताहेत, मी सांगणारच होतो, त्याच्या पहिले हिने केलं."

बोर्ड मी फेकायला लावला. नवा, जाड वायरीचा मागवला आणि हीटरसाठी भिंतीतलं वेगळं सॉकेट दाखवून दिलं. त्या गृहस्थांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटी, रात भर यही हीटर चलता है." त्यांच्या सुनेने तो तपकिरी झालेला स्क्रू हातात घेऊन बघितला आणि माझ्यासमोर मिठाईची थाळी ठेवली.

घरी परतले तर बाबा उशांना टेकून बसले होते. मी शेजारी स्टूल ओढलं. आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही, तरी मी म्हटलं, "बाबा, तुमच्यामुळे मला हे सगळं..."

त्यांनी बोटाने थांबवलं. बोलायला त्यांना वेळ लागतो, आता मीही घाई करत नाही. "मी तुला माझ्या कामाला लावलं," ते म्हणाले. "तुला आवडतं का, ते कधी विचारलं नाही."

"आवडतं."

"खरं?"

"खरं, बाबा. घाबरायची मी. आता नाही घाबरत."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "माझे हात गेले तेव्हा वाटलं, डोक्यात आहे ते पण गेलं. ते राहिलं. तुझ्यापाशी." आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. मी उठू लागले तर डोळे न उघडताच म्हणाले, "त्या घरी जुन्या वायरी पुष्कळ आहेत. उन्हाळ्याच्या पहिले एकदा सगळ्या बघून ये."

मी बघून आले. आणि मग त्यांच्या शेजाऱ्यांकडे, आणि त्यांच्याही. आता बनारसच्या या भागात कितीतरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या घरांमध्ये मला जिन्यातून हाक न मारता वर जाता येतं. बाबा बहुतेक वेळ पलंगावर असतात. दुपारी काम घेऊन मी त्यांच्या खोलीत बसते आणि आकडे मोठ्याने वाचते. कधी मान हलते, कधी नाही.

परवा आईचा मिरजेहून फोन आला. नेहमीसारखंच तिने विचारलं, "काय गं, करमतं का तिथं?" मी खांद्याने फोन धरून एका रेडिओचा टाका तपासत होते. म्हटलं, "व्हय गं, करमतंय. थांब जरा, दोन्ही हात अडकलेत."